नवी माउंटन बाइक: फ्रेम ॲल्युमिनियमची, क्रोमोलीची की कार्बनची? खान्देशातल्या वाटांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे चोपड्याचे, वजन ८२ किलो, बजेट ६० हजारांच्या आसपास. रोजचं सायकलिंग पांदण रस्ते आणि कालव्याकाठच्या मुरमाच्या वाटेवर, रविवारी सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव-मनुदेवीकडे, वर्षातून एखाद-दोन वेळा तोरणमाळ. समोर तीन पर्याय: नवी ॲल्युमिनियमची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली), क्रोमोली म्हणजे मिश्र स्टीलची फ्रेम वेगळी घेऊन तिच्यावर सुटे भाग चढवणं, किंवा पुण्याहून मिळणारी, पाच वर्षं वापरलेली कार्बन फ्रेमची सायकल. पैसे तिन्हीकडे जवळपास सारखेच.

नवी ॲल्युमिनियम घ्या. क्रोमोलीचा विचार तेव्हाच करा, जेव्हा सामान लादून लांबच्या मोहिमा करायच्या असतील आणि तीच फ्रेम पंधरा-वीस वर्षं ठेवायची तयारी असेल. वापरलेली कार्बन या परिस्थितीत नको. हे का, ते खाली सविस्तर लिहितो, कारण दुकानात तुम्हाला याच्या उलटं आणि फार गोड भाषेत ऐकवलं जाईल.

आधी वजनाचं भूत उतरवू. २९ इंची हार्डटेलची ॲल्युमिनियम फ्रेम साधारण १.६ ते २ किलो भरते, कार्बनची १ ते १.३, चांगल्या क्रोमोलीची २.३ ते २.८. म्हणजे ॲल्युमिनियम आणि कार्बनमध्ये फरक सहा-सातशे ग्रॅमचा. तुम्ही ८२ किलो, सायकल १४, एकूण ९६. त्यात ६०० ग्रॅम म्हणजे जेमतेम ०.६ टक्के. तोरणमाळचा चढ दोन तासांत चढत असाल, तर या बचतीने पाऊण मिनिट वाचेल. मे महिन्यात तुम्ही सोबत नेणार त्या जादा पाण्याच्या बाटलीचं वजन याहून जास्त आहे.

दुसरं भूत 'राइड क्वालिटी'चं. स्टील मऊ चालतं, ॲल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं, असं सर्रास म्हटलं जातं. धातूंचे आकडे पाहा: स्टीलचा ताठपणा २०० गिगापास्कल, घनता ७.८५, ॲल्युमिनियमचा ६९, घनता २.७; टायटॅनियमचा १०५ च्या आसपास, घनता ४.५. ताठपणाला घनतेने भागलं तर तिन्ही जवळपास एकाच पातळीवर येतात. फरक पडतो तो नळ्यांच्या व्यासाने. पातळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाने वाढतो; म्हणून ॲल्युमिनियमची खालची नळी पन्नास मिलिमीटर किंवा त्याहून जाड दिसते आणि स्टीलची पस्तीसच्या आसपास. जाड नळ्यांची फ्रेम ताठ लागते, हे खरं. पण २.३ इंची टायर २५ पीएसआयवर दगडावरून जाताना कितीतरी मिलिमीटर दबतो, पुढचा सस्पेन्शन चिमटा (फोर्क) १०० मिलिमीटर दबतो, आणि त्रिकोणी फ्रेम उभ्या दिशेने फार तर एखाद-दोन. आराम हवा असेल तर हवा कमी करा: तुमच्या वजनाला ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे २२ ते २४, मागे २५ ते २७ पीएसआय. एवढ्याने जो फरक कळेल, तो फ्रेम बदलून कळणार नाही.

मग निवडायचं कशावरून? फ्रेम मोडते कशी, आणि मोडल्यावर तुमच्या गावापासून दिवसभराच्या अंतरात तिचं काय करता येतं, यावरून.

ॲल्युमिनियमपासून सुरुवात करू, कारण घेणार तुम्ही तीच आहात. या धातूला थकव्याची सुरक्षित मर्यादा नाही. स्टीलमध्ये ठरावीक ताणाच्या खाली कितीही आवर्तनं झाली तरी चालतं. ॲल्युमिनियममध्ये प्रत्येक धक्क्याची नोंद कुठेतरी होत राहते. म्हणूनच बनवणारे ती मुद्दाम गरजेपेक्षा ताठ आणि जाड ठेवतात. आयएसओ ४२१० या मानकात माउंटन बाइकच्या फ्रेमला पेडलवर १२०० न्यूटनचा जोर एक लाख आवर्तनं द्यावा लागतो, शिवाय पुढच्या एक्सलकडून मागेपुढे ओढण्या-ढकलण्याची ५० हजार आवर्तनं वेगळी. यात तडा गेलेली फ्रेम नापास. नामांकित कंपनीच्या फ्रेमवर 'आयएसओ ४२१०' लिहिलेलं असतं, ते पाहा. सोबतच्या पुस्तिकेत वापराची श्रेणीही असते: 'कंडिशन २' म्हणजे कच्चे रस्ते आणि १५ सेंटीमीटरपर्यंतची उडी, 'कंडिशन ३' म्हणजे खडबडीत वाटा आणि ६१ सेंटीमीटरपर्यंत. तुमच्या वापराला श्रेणी ३ हवी. स्वस्तातल्या, माउंटन बाइकसारख्या फक्त दिसणाऱ्या कितीतरी सायकलींवर बारीक अक्षरात 'ऑफ-रोडसाठी नाही' असं चक्क लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही.

ॲल्युमिनियमला तडा कुठे जातो, त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, हँडलच्या नळीला खालची नळी मिळते तिथल्या वेल्डच्या खालच्या कडेला. दुसरी, सीटच्या नळीच्या वरच्या टोकाला, क्लॅम्पची फट संपते तिथे. तिसरी, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस फिरतो त्या जागेच्या) मागे, चेनच्या बाजूच्या चेनस्टेला, म्हणजे तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला. चौथी, मागच्या डिस्क ब्रेकच्या माउंटजवळ. यातली दुसरी जागा बहुतेक वेळा चालवणाऱ्याच्या चुकीने मोडते: फ्रेम लहान घेतली, सीट पोस्ट किमान किती आत हवी ते दाखवणाऱ्या 'मिनिमम इन्सर्शन'च्या रेघेपलीकडे ओढली, आणि ८० किलोचा माणूस त्या लांब तरफेवर बसून पांदणीतून गेला. रेघ दिसत नसली तरी किमान ९ ते १० सेंटीमीटर पोस्ट नळीच्या आत हवीच, आणि वरची नळी जिथे मिळते तिच्या खालपर्यंत पोचलेली हवी.

महिन्यातून एकदा फ्रेम धुऊन या चार जागा टॉर्च तिरका धरून बघाव्यात. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची की धातूची, हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मिळतं; वेल्ड तपासायला ते डाय पेनिट्रंटचे तीन डबे ठेवतात. रेघेवरचा रंग बारीक पॉलिश पेपरने काढायचा, क्लीनरने पुसायचं, लाल द्रव फवारून १० ते १५ मिनिटं थांबायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं (वरून क्लीनर थेट फवारायचा नाही, तो तड्यातला द्रवही धुऊन नेतो), मग पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटते. उमटली, तर त्या फ्रेमवर पुन्हा बसायचं नाही. ॲल्युमिनियमचा तडा सुरुवातीला महिनोन्‌महिने मुंगीच्या पावलाने सरकतो आणि शेवटचा टप्पा एका उतारावर पूर्ण करतो.

इथे आर्गॉन वेल्डिंगवाला म्हणेल, "आणा, मारून देतो." तो टाका सुबक मारेलही. अडचण टाक्याची नाही, टाक्याच्या आजूबाजूची आहे. ६०६१ मिश्रधातूला टी-६ ही ताकद उष्णतेच्या प्रक्रियेने येते: वेल्डिंगनंतर आख्खी फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवायची, वाकली असेल ती सरळ करायची, मग पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजायची. नुसतं वेल्डिंग केलं तर टाक्याशेजारच्या पट्ट्यात ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि नवा तडा तिथूनच निघतो. ७००५ या मिश्रधातूला विझवण्याची पायरी लागत नाही, पण भाजणं त्यालाही लागतंच. एका फ्रेमसाठी हा खटाटोप कोणी करत नाही. तेव्हा ॲल्युमिनियमची दुरुस्ती म्हणजे वॉरंटी. नामांकित कंपन्या फ्रेमला पहिल्या मालकापुरती दीर्घ, कधी आजीवन वॉरंटी देतात. बिल जपून ठेवा, साधं वाटलं तरी तेच तुमचं वेल्डिंग आहे.

पावडर कोटिंगबद्दलही (भट्टीत भाजून चढवलेल्या भुकटीच्या रंगाबद्दल) इथेच सांगतो, कारण एमआयडीसीत ते स्वस्तात होतं आणि मोह होतो. त्याआधीची 'सेव्हन टँक' ही रसायनांची धुलाई लोखंडासाठी आहे. तिच्यातला कॉस्टिक आणि ॲसिड ॲल्युमिनियमची पातळ नळी खातात. स्टीलमध्येही नळीच्या आत ॲसिड अडकून राहिलं तर गंज आतून सुरू होतो. ॲल्युमिनियमची फ्रेम द्यायचीच असेल तर रंग हाताने काढा आणि भट्टी १८० अंशांवर २० मिनिटांपेक्षा जास्त नको असं बजावून सांगा. कार्बन या भट्टीत कधीच नाही.

आता क्रोमोली. क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं ४१३० स्टील. बाजारात 'स्टील' म्हणून दहा हजारांत जे मिळतं ते हाय-टेन. त्याची फ्रेमच तीन किलोच्या पुढे जाते, आणि त्याचा क्रोमोलीशी संबंध लोहचुंबक चिकटण्यापुरता. क्रोमोलीच्या चांगल्या नळ्या 'बटेड' असतात, म्हणजे टोकांना ०.८ किंवा ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.५ किंवा ०.६. स्टिकरवर 'क्रोमोली मेन ट्यूब्ज' लिहिलं असेल तर मागचा त्रिकोण आणि बहुधा चिमटाही हाय-टेनचा आहे असं समजा.

हिची खरी बाजू ही की ती सांगून मोडते. तडा हळू वाढतो, आवाज येतो, सायकल वळणावर लिबलिबीत लागते. आणि ती जोडता येते. मात्र कोणाकडून, हे महत्त्वाचं. साध्या आर्क वेल्डिंगचा रॉड या ०.८ मिलिमीटरच्या नळीला सरळ भोक पाडतो. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणाऱ्याकडे नेऊ नका. आर्गॉन वेल्डिंग, कमी अँपिअर, ईआर७०एस-२ ची तार. नाहीतर गॅसवर पितळ. जुने कारागीर ते उत्तम करतात, फक्त नंतर फ्लक्सची (जोडताना लावलेल्या रसायनाची) काच गरम पाण्याने पूर्ण धुऊन काढायची.

गंजाची भीती खान्देशात कोकणाइतकी नाही. आपल्याकडे हवा आठ महिने कोरडी. पण घामाचं मीठ वरच्या नळीवर आणि हेडसेटवर टपकत राहतं, आणि पावसाळ्यात सीट पोस्टमधून पाणी खाली बॉटम ब्रॅकेटमध्ये साचतं. नवी फ्रेम जोडण्याआधी तिच्यात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं उकळलेलं तेल, ६० ते ८० मिलिलिटर ओता. वेल्डजवळच्या बारीक भोकांतून मागच्या नळ्यांतही जाऊ द्या, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जादा तेल निथळू द्या आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. एक सूचना, आणि ही गंमत नाही: या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात. आपल्या मे महिन्यात तर हमखास धोका. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

मग क्रोमोली तुम्हाला का नाही सांगितली? पैसे. ६० हजारांतले निम्मे फ्रेमलाच गेले की चिमटा, ब्रेक आणि चाकांना जे उरतं त्यात तडजोड होते. ढिसाळ स्प्रिंगचा चिमटा लावलेली क्रोमोली ही हवेवर दबणारा एअर फोर्क लावलेल्या साध्या ॲल्युमिनियमपेक्षा उतारावर सगळ्या बाबतीत मागे पडते.

कार्बनबद्दल एक गैरसमज आधी काढतो: आपल्या ४५-४६ अंशांच्या उन्हाने ती वितळत-बितळत नाही. फ्रेममधले धागे बांधून ठेवणारी राळ साधारण १२० ते १५० अंशांवर भाजलेली असते. काळी फ्रेम उन्हात हात भाजेल एवढी तापली तरी त्या मर्यादेच्या खूप खाली राहते. थकव्यालाही कार्बन उत्तम टिकतं. तिचं मरण आहे टोकदार मार आणि आवळणं. सातपुड्याच्या वाटांवर बेसाल्टचे सुटे, धारदार गोटे असतात. पुढच्या चाकाने उडवलेला गोटा खालच्या नळीवर बसतो, वर रंगाचा टवका उडतो आणि आत थर सुटतात. दुसरा प्रकार त्याहून आपल्याकडचा. शहाद्याला किंवा पालला जाताना सायकल जीपच्या टपावर टाकतात आणि नळीवरूनच दोरी करकचून आवळतात. कार्बनची नळी लांबीच्या दिशेने प्रचंड सोसते, पण बाजूने चिमटली तर नाही. ॲल्युमिनियमला त्या जागी पोचा पडतो, दिसतो तरी. कार्बनमध्ये वरून काहीच दिसत नाही.

पुण्याची ती सायकल बघायला गेलातच, तर ती धुऊन आणि स्टिकर-फिल्म काढून दाखवायला सांगा. नाण्याने दर दोन सेंटीमीटरवर टिचकी मारत जा: टणक 'टक टक' मध्येच 'थप' झाला तर तिथे थर सुटलेत, मात्र जोडापाशी जाडी बदलते तिथे आवाज एरवीही बदलतो, म्हणून डाव्या नळीची उजवीशी तुलना करा. कापसाचा बोळा सगळीकडे फिरवा, धागा अडकला तिथे थांबा. चेनस्टेच्या आतल्या बाजूला चेन अडकून ओरबाडलेलं आहे का, चिखलाने टायरजवळ घासून धागे उघडे पडलेत का ते पाहा. सीट पोस्ट बाहेर काढून दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका. ॲल्युमिनियमची पोस्ट कार्बनमध्ये वर्षानुवर्षं तशीच राहिली की जाम होते, आणि जाम पोस्ट काढताना नळी फाटते. क्लॅम्प ४ ते ५ न्यूटन-मीटरवर, टॉर्क पान्यानेच. हे सगळं नीट निघालं तरी वॉरंटी पहिल्या मालकाबरोबर संपलेली आहे आणि दुरुस्तीला फ्रेम खोक्यात घालून मोठ्या शहरात पाठवायची आहे. परदेशी संकेतस्थळांवर मिळणाऱ्या बिननावाच्या किंवा नकली नावाच्या कार्बन फ्रेम तर विचारातच घेऊ नका.

टायटॅनियम गंजत नाही, सहजासहजी थकत नाही, सुंदर दिसतं, आणि या बजेटात बसत नाही. पुढे.

दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. 'ॲलॉय आहे साहेब' म्हणून दाखवलेल्या फ्रेमला तो चिकटला तर बोलणं तिथेच संपवा. मग मटेरियल सोडून फ्रेमच्या मापांकडे वळा, कारण पाच वर्षांनी सुटे भाग मिळतील की नाही ते तिथे ठरतं. हँडलची नळी खाली रुंद होत जाणारी, म्हणजे टेपर्ड हवी. सरळ १ १/८ इंची नळीला आजचा चांगला एअर फोर्क बसत नाही. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, ७३ मिलिमीटर बीएसए. प्रेस-फिट (आट्यांशिवाय नुसता दाबून बसवलेला) टाळा, आपल्या काळ्या धुळीत तो करकरू लागतो आणि काढायला खास हत्यार लागतं. मागचा एक्सल १२ बाय १४८ चा थ्रू-एक्सल (चाकातून आरपार जाऊन फ्रेममध्ये आट्यांनी बसणारा) असेल तर उत्तम. क्विक रिलीजचा (खटक्याने सुटणारा) १३५ चालेल, पण पुढे चाकं बदलताना पर्याय कमी होत जातील.

टायर आणि चेनस्टेमधली जागा बोट घालून मोजा. मानकाला काही मिलिमीटर पुरतात, आपल्या काळ्या मातीला नाही. जुलैत पांदणीतून शंभर मीटर गेलात की रेगूर टायरवर थापला जातो, त्यात खडी अडकते आणि प्रत्येक फेऱ्याला चेनस्टे घासली जाते. चाक पूर्ण थांबेपर्यंत कळत नाही. २.३ चा टायर लावून दोन्हीकडे किमान १० मिलिमीटर मोकळे हवेत. त्याहून चांगला उपाय म्हणजे ओल्या काळ्या मातीत जायचंच नाही आणि पावसाळ्यात मुरमाची वाट धरायची.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात करायची कामं. सीट पोस्टला ग्रीस, आणि दर दोन महिन्यांनी ती काढून पुसून परत लावणं. गाड्यांना लावतात ती पारदर्शक पीयू फिल्म खालच्या नळीच्या पोटाला आणि चेनस्टेला. टायर ट्यूबलेस करून प्रत्येकी १०० ते १२० मिलिलिटर सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव); वेड्या बाभळीच्या काट्याला दुसरा इलाज नाही, आणि मार्च ते जूनमध्ये सीलंट दीड-दोन महिन्यांत वाळतो, तेव्हा वेळेवर भरत राहा. धुताना सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप बेअरिंगवर धरू नका. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर स्टेम, क्रँक आणि ब्रेकचे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासा.

जंगलातल्या वाटांबद्दल एवढंच: यावल अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी घेऊनच शिरा.

आणि सायकल ताब्यात घेताना त्याच दुकानातून मागच्या डिरेलरचे (गिअर बदलणाऱ्या यंत्राचे) दोन जादा हँगर, म्हणजे तो फ्रेमला ज्यावर टांगतात ते तुकडे, मागा. हा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, पडल्यावर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा, एकाचा दुसऱ्याला बसत नाही, आणि चोपड्यात तो मिळणार नाही. एक घरी ठेवा, एक सीटखालच्या पिशवीत, बसवायच्या स्क्रूसकट.